बलोपासना : प्रारंभ कोठून करावा?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा मनःपूर्वक आभारी आहे. या व्याख्यानमालेत आजवर अनेक व्यासंगी वक्त्यांनी आपल्याला ज्ञानाचे चार शब्द सांगितले. मी तसा व्यासंगी नाही. एकतीस वर्षे एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून सेवा केली. शिट्टी वाजवणे, रांगा लावणे आणि मुलांकडून कवायत करून घेणे एवढेच माझे भांडवल. तरीही ‘नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याने बलवर्धक व्यायाम कसे निवडावेत’ हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. कारण या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे, आणि ती आपणांपैकी कोणाच्या घरी घडू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझी आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. रोज मंदिरात जाण्याचा तिचा नेम कधी चुकला नव्हता. एके दिवशी माझ्या पत्नीने मला हळूच सांगितले, "प्रवचन संपल्यावर आई लगेच उठत नाहीत. सगळ्या बायका बाहेर जाईपर्यंत थांबतात, मग सरकत सरकत खांबापाशी जातात आणि त्याला धरून उठतात." मला वाईट वाटले. मी व्यायामाचा शिक्षक. पण मी काय केले? आईला म्हणालो, "आई, आता दगदग करू नकोस. पाणी-बिणी सगळे हातात मिळेल. तू आपली बसून राहा." पुत्राचे कर्तव्य केल्याचे समाधानही मला त्या वेळी वाटले.

वर्षभरात आईला खुर्चीवरून उठतानाही दोन्ही हातांचा आधार लागू लागला. मंदिरात जाणे तिने आपणहून कमी केले. गुडघे दुखतात असे सांगे. खरे कारण संकोच हे होते. चारचौघींनी आपल्याला ओढून उठवावे हे तिला नको होते.

त्या सुमारास माझा एक माजी विद्यार्थी तिला पाहायला आला. तो आता भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे आपण ज्याला फिजिओथेरपिस्ट म्हणतो, तो झाला आहे. त्याने आईची तपासणी केली आणि हसत म्हणाला, "सर, तुम्ही आम्हांला पन्नास पन्नास उठाबशा काढायला लावल्यात. आजींना मात्र पाचसुद्धा सांगितल्या नाहीत!"

बंधू-भगिनींनो, आयुष्यभर मी उठाबशी ही शिक्षा म्हणून दिली. ती औषध म्हणूनही द्यायची असते, हे मला माझ्याच विद्यार्थ्याने शिकवले.

स्नायू का क्षीण होतात?

साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी शरीरातील स्नायूंचे प्रमाण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. वयोमानानुसार होणाऱ्या या क्षयाला अमेरिकेतील आहारशास्त्रज्ञ डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. वय हे त्याचे एक कारण. वापर नसणे हे दुसरे. पहिल्यावर आपला इलाज नाही, दुसऱ्यावर आहे.

आपल्यापैकी बरेच जण शेतकरी आहेत. ते म्हणतात, "आम्ही जन्मभर कष्ट केले, आम्हांला व्यायाम कशाला?" खरे आहे. परंतु विहिरीवरून पाणी शेंदणे, पोती वाहणे, जात्यावर दळणे, हे सारे गेले. आज मोटारसायकल उंबरठ्याशी उभी असते. पूर्वी जे बळ कामातून आपोआप मिळे, ते आता ठरवून मिळवावे लागते. चालणे उत्तमच, ते हृदयाला व श्वासाला हितकर आहे. पण रोज तीन किलोमीटर चालणाऱ्या मनुष्यालाही जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, हे आपण पाहतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच चालण्यासारख्या व्यायामाशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंचे बलवर्धक व्यायाम करावेत असे सुचवले आहे.

"आता या वयात काय होणार?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर अमेरिकेतील बोस्टन शहरी झालेल्या एका प्रयोगात आहे. डॉ. मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९० साली प्रसिद्ध केला. वृद्धसेवागृहात राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा अशक्त स्त्री-पुरुषांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हातांच्या आधाराविना खुर्चीवरून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण तसा उठू लागला. हे सर्व नव्वदीत घडले! तेव्हा साठीतल्या, सत्तरीतल्या मंडळींनी निराश होण्याचे कारण नाही.

आपली परंपरा आणि नवशिका

कोल्हापूर-सांगलीच्या या भागात व्यायाम म्हटले की तालीम डोळ्यांसमोर येते. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब ही आपली थोर परंपरा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी व कुंडल ही गावे त्याच संस्थानातली. या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु जी गोष्ट उत्तम असते ती पहिल्याच दिवशी करण्याजोगी असतेच असे नाही.

तालमीतील बैठक पाहा. टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, गुडघे पूर्ण दुमडलेले, गती जलद आणि संख्या शेकड्यांत. ती लहानपणापासून वस्तादाच्या नजरेखाली तयार झालेल्या पोरासाठी आहे. पन्नाशीच्या गृहस्थाने उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी शंभर बैठका मारल्या, तर दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याचा व्यायाम संपतो. सूर्यनमस्कारातही हातांवर अंग तोलून छाती खाली नेण्याची जी स्थिती आहे, ती अशक्त खांद्यांना जड जाते. आणि आमचे तरुण काय करतात? जिममध्ये नाव घालतात, शेजारचा जेवढे वजन उचलतो तेवढेच आपणही पहिल्या आठवड्यात उचलू पाहतात.

तिघांचीही चूक एकच. आपण आज कोठे उभे आहोत हे न पाहता, दुसरा कोठे पोहोचला आहे ते पाहून त्यांनी व्यायाम निवडला.

निवडीच्या चार कसोट्या

माझ्या विद्यार्थ्याकडून आणि पुढे वाचनातून जे समजले, ते मी चार कसोट्यांत सांगतो.

पहिली कसोटी उपयोगाची. या व्यायामाने माझे रोजचे कोणते काम सुकर होणार? जमिनीवरून उठणे, जिना चढणे, कळशी उचलणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, नातवाला कडेवर घेणे, यांपैकी जे अवघड होऊ लागले असेल तेथून प्रारंभ करावा.

दुसरी कसोटी संख्येची. तो व्यायाम आज सावकाश आणि बिनचूक किमान आठ वेळा करता आला पाहिजे. आठ होत नसतील तर तो आपल्याला अद्याप जड आहे. सोपा प्रकार घ्यावा. पंधरा सहज होत असतील तर तो हलका झाला. एक पायरी वर जावे.

तिसरी कसोटी पायऱ्यांची. ज्या व्यायामाला खाली-वर पायऱ्या आहेत तोच नवशिक्याने घ्यावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी वैद्य थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या पायांना क्रमाक्रमाने वाढत जाणारे वजन देऊन बळ आणले आणि १९४५ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. बलवर्धनाचे सारे शास्त्र आजही याच तत्त्वावर उभे आहे : भार थोडा थोडा वाढवत न्यावा.

चौथी कसोटी सुरक्षिततेची. हात-पाय मध्येच थकले तर काय होईल, हे आधी विचारावे. मागे खुर्ची असेल तर मनुष्य खुर्चीत बसेल. समोर भिंत असेल तर भिंतीला टेकेल. डोक्यावर वजन असेल तर? म्हणून सुरुवातीला जेथे चूक झाली तरी इजा होणार नाही, असेच व्यायाम निवडावेत.

सहा सोपे व्यायाम

या चारही कसोट्यांना उतरणारे सहा व्यायाम सांगतो. यासाठी एक पैशाचे साहित्य लागत नाही.

१) खुर्चीची उठाबशी. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पुढच्या कडेशी बसावे, पावले पूर्ण टेकलेली, खांद्याइतक्या अंतरावर. किंचित पुढे झुकून, श्वास सोडत उठावे. श्वास घेत, मनात तीन अंक मोजत सावकाश बसावे. धपकन बसू नये. बसतानाचा संयम हाच अर्धा व्यायाम आहे. उठता येत नसेल तर बैठकीवर घडी घातलेली घोंगडी ठेवून उंची वाढवावी. जमू लागले की घोंगडी काढावी, पुढे बुटके स्टूल घ्यावे.

२) भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकावेत. अंग काठीसारखे सरळ ठेवून कोपर वाकवत छाती भिंतीकडे न्यावी व परत यावे. पुढची पायरी स्वयंपाकाच्या ओट्यावर, त्यापुढची भक्कम बाकावर, आणि सर्वांत शेवटी जमिनीवर. तरुणांनीही जमिनीवरचे दहा जोर नीट जमल्याशिवाय जिममधील छातीच्या वजनांची घाई करू नये.

३) पिशवी ओढणे. कापडी पिशवीत पाण्याची एक लिटरची बाटली ठेवावी. ती साधारण एक किलोची होते. एक हात टेबलावर टेकून, पाठ सरळ ठेवून थोडे झुकावे आणि दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीपर्यंत वर ओढावी. मग हात बदलावा. बळ वाढेल तशी बाटल्यांची संख्या वाढवावी. सूर्यनमस्कारात व जोरात हात ढकलण्याचे काम करतात, ओढण्याचे नाही. म्हणून हा व्यायाम आवश्यक आहे. पाठीला पोक येण्याची सवय मोडण्यासही त्याची मदत होते.

४) कंबर उचलणे. पाठीवर निजून गुडघे उभे करावेत, पावले टेकवावीत आणि नितंब आवळत कंबर वर उचलावी, क्षणभर थांबून खाली आणावी. योगासनांतील सेतुबंधासनाशी याचे साम्य आहे. ज्यांना जमिनीवर निजणे अवघड, त्यांनी घट्ट गादीच्या पलंगावर करावे. वाकून वजन उचलण्यापूर्वी कमरेला व मांड्यांच्या मागच्या बाजूला हे बळ हवे.

५) टाचा उचलणे. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलाव्यात व सावकाश टेकवाव्यात. हा व्यायाम पोटऱ्यांचा. त्यानंतर तसेच धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे. तोल सांभाळण्याचा हा अभ्यास पडणे टाळण्यासाठी फार मोलाचा आहे.

६) वजन घेऊन चालणे. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या दोन पिशव्या घेऊन, छाती सरळ ठेवून अंगणात वीस-तीस पावले चालावे. बाजारातून येताना सारे ओझे एका हातात न घेता दोन हातांत वाटून घेतले तरी हा व्यायाम होतो.

किती करावे, केव्हा करावे?

आठवड्यातून दोन दिवस पुरेत. उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार. मधले दिवस विश्रांतीचे. विश्रांतीतच स्नायूंची भरपाई होते. पाच मिनिटे घरातल्या घरात चालून अंग ऊन करावे आणि मग सुरुवात करावी. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाची आठ ते दहा आवर्तने एकदाच. त्यानंतर थोडे थांबून दुसरी फेरी. "अजून दोन-तीन झाली असती" असे वाटत असतानाच थांबावे. सलग दोन दिवस दोन्ही फेऱ्यांत पंधरा आवर्तने सहज झाली की एक पायरी वर जावे. सर्व मिळून अर्धा तास लागतो.

पहिल्या काही आठवड्यांत जी शक्ती वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यामुळे. स्नायूंमध्ये फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून आरशाकडे पाहू नये, वहीकडे पाहावे. तारीख, व्यायाम, संख्या एवढेच लिहावे. भगिनींना भीती वाटते की वजने उचलली तर अंग पहिलवानासारखे होईल. स्त्री-शरीराची घडण पाहता अशा व्यायामाने तसे होत नाही. उलट रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. अशा वेळी बलवर्धक व्यायाम त्यांना विशेष हितकर ठरतो.

व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू जड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सांध्यात तीक्ष्ण वेदना झाली, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला, तर तो प्रकार सोडून खालच्या पायरीवर यावे. श्वास रोखून जोर लावू नये, त्याने रक्तदाब एकाएकी वाढतो. छातीत दुखणे, चक्कर येणे, धाप लागून बोलता न येणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, ठिसूळ हाडे, डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांच्या संमतीविना प्रारंभ करू नये.

आहार आणि उपवास

आपल्या आहाराविषयी दोन शब्द. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ मनुष्याला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. तीस ग्रॅम डाळीचे वरण सुमारे ७ ग्रॅम देते, पेलाभर दूध ६ ते ७, मूठभर शेंगदाणे ७, पन्नास ग्रॅम पनीर ९ ग्रॅमच्या आसपास. उरलेली भाकरी-पोळीतून मिळतात. म्हणजे शाकाहारात हे अशक्य नाही; मात्र पातळ वरणाच्या पाण्यावर भागणार नाही. वयस्कर मंडळी "दात नाहीत, भूक नाही" म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढतात, तेथे लक्ष द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावीत. सतत थकवा असेल तर ब१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. अशक्तपणाचे कारण कधी कधी तेथे सापडते.

उपवासाच्या दिवशी हे व्यायाम करू नयेत. पर्वकाळात सलग एकाशने किंवा उपवास झाले असतील, तर पारण्यानंतर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि एक पायरी खालून सुरुवात करावी. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपवास आणि व्यायाम या दोहोंविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना सकाळचा किंवा जेवणापूर्वीचा तिसऱ्या प्रहराचा वेळ सोयीचा पडतो.

समारोप

आता आईकडे परत येतो. तिची पहिल्या दिवसाची उठाबशी दोन घोंगड्या घातलेल्या खुर्चीवर झाली. आठाची कसोटी लावली होती, पण तिच्या पाचच झाल्या. म्हणून आणखी एक घोंगडी घातली, आणि मग आठ झाल्या. ती थट्टेने मला म्हणाली, "काय चुकले रे माझे, उठाबशा काढायला लावतोस?" मी काय उत्तर देणार? चूक माझी होती, शिक्षा ती भोगत होती.

एकेक घोंगडी निघत गेली. चौथ्या महिन्यात ती समोरच्या चौरंगावर एक हात टेकून जमिनीवरून उठू लागली. हात टेकणे तिचे शेवटपर्यंत सुटले नाही, हेही सांगतो. चमत्कार काही घडला नाही. परंतु ती पुन्हा मंदिरात जाऊ लागली. लहानसा चौरंग बरोबर नेई, आणि प्रवचन संपल्यावर सर्व बायकांबरोबर उठे. वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत तिचा तो नेम चालला. आज ती नाही. तो चौरंग मी जपून ठेवला आहे.

माझी आपणां सर्वांना एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना "बसून राहा" असे म्हणण्यापूर्वी एकदा त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगा. आपण मात्र शेजारी उभे राहा. आणि मग स्वतःही उठून पाहा. जे आढळेल तीच आपली पहिली पायरी. तेथून प्रारंभ करावा.

 संस्थेला उदंड आयुष्य लाभो, आणि तिच्या हीरकमहोत्सवाला आज येथे बसलेली सर्व मंडळी आपापल्या पायांवर चालत येवोत, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.